बास गिटारीतील स्वरनियंत्रण : एका विद्युत्-जोडणीचा इतिहास

१

वाद्यांचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते ते वाद्याच्या बाह्य रूपाकडे. लाकूड कोणते, तारा किती, दांडीची लांबी काय, हे सारे डोळ्यांना दिसते, चित्रांत उतरते आणि संग्रहालयाच्या नोंदवहीत सहज बसते. विद्युत्-वाद्यांच्या बाबतीत मात्र ही पद्धती अपुरी पडते. बास गिटारीच्या पोकळीवरील झाकण काढले म्हणजे चार-सहा वायरी, दोन-तीन फिरते रोध, एखादा कंडेन्सर आणि काही वाद्यांत ९ व्होल्टची एक बॅटरी, एवढाच पसारा दृष्टीस पडतो. परंतु वाद्याच्या आवाजाचे पुष्कळसे स्वरूप हे घटक कोणत्या क्रमाने जोडले आहेत यावर अवलंबून असते. या क्रमाकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

बास गिटारीतील विद्युत्-रचनेचे ‘निष्क्रिय’ आणि ‘सक्रिय’ असे दोन प्रकार करण्याचा प्रघात आहे. बॅटरीवाचून चालणारी ती निष्क्रिय आणि बॅटरीवर चालणारी ती सक्रिय. या भेदावरून एक सोपा कालक्रमही रूढ झाला आहे : १९५१ पासून सुमारे वीस-पंचवीस वर्षे निष्क्रिय युग, आणि त्यानंतर सक्रिय युग. म्हणजे जुने अपूर्ण होते, नवे आले आणि त्याने जुन्याची जागा घेतली. हा कालक्रम वस्तुस्थितीशी जुळत नाही, असे आमचे मत आहे. १९७० नंतरच्या वाद्यांत सर्वांत टिकाऊ ठरलेली रचना शुद्ध निष्क्रियही नाही आणि शुद्ध सक्रियही नाही. तारेचे कंपन टिपणारे पिकअप जुनेच, निष्क्रिय. आणि त्यापुढील स्वरनियंत्रण तेवढे नवे, सक्रिय. अशी ती मिश्र रचना आहे. ही मिश्र रचना का जन्मली आणि का टिकली, हाच येथे मुख्य प्रश्न आहे.

२

प्रथम जुन्या रचनेचा विचार करू. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घेतले आणि त्या चुंबकासमोर पोलादी तार कंप पावू लागली, म्हणजे वेढ्यांत विद्युत्-प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये सिद्ध केलेल्या विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचाच हा एक उपयोग होय. गिटारीसाठी हे तत्त्व कॅलिफोर्नियातील जॉर्ज बोशाँ याने १९३१ च्या सुमारास वापरले. त्याची वाद्ये ॲडॉल्फ रिकनबॅकर याच्या साहाय्याने १९३२ पासून विक्रीस आली आणि त्यावरील पेटंट १९३७ मध्ये मिळाले. सिअ‍ॅटल येथील पॉल टुटमार्क याने त्याच दशकात ‘ऑडिओव्हॉक्स’ या नावाने आडवी धरून वाजविण्याची, पडदे असलेली विद्युत्-बास तयार केली होती. पण तिचा प्रसार झाला नाही. प्रसार झाला तो लिओ फेंडर याने १९५१ मध्ये फुलर्टन येथून बाजारात आणलेल्या प्रिसिजन बासचा.

फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता; १९३८ पासून त्याचे त्याच गावी दुकान होते. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण प्रिसिजन बासच्या पोकळीत जी जोडणी आढळते ती रेडिओच्या कारागिराला हाताच्या मळासारखी परिचित अशीच आहे. एक फिरता रोध आवाज कमीअधिक करण्यासाठी, आणि दुसरा फिरता रोध एका कंडेन्सरसह स्वर मंद करण्यासाठी. कारागीर ज्यास ‘टोन’ म्हणतात तो हा दुसरा नॉब. कंडेन्सरचा धर्म असा की, कंपनसंख्या जितकी अधिक तितका तो प्रवाहाला अधिक सुलभ मार्ग करून देतो. टोनचा नॉब मिटविला म्हणजे तार सप्तकातील उपस्वर कंडेन्सरवाटे जमिनीस मिळतात आणि खर्ज तेवढा पुढे जातो.

या रचनेची मर्यादा तिच्या स्वभावातच आहे. ती वजाबाकी करू शकते, बेरीज करू शकत नाही. पिकअपने जे दिले त्यातून काही काढून टाकणे एवढेच तिच्या हाती असते. खर्ज वाढविणे किंवा नसलेली चमक आणणे तिला शक्य नाही. शिवाय पिकअप, रोध, कंडेन्सर आणि अँप्लिफायरपर्यंत जाणारी केबल हे सर्व मिळून एकच विद्युत्-मंडळ बनते. त्यातील एक घटक हलला की सर्वांचे वर्तन बदलते. उदाहरणादाखल ४ हेन्री प्रवर्तकतेचे पिकअप घेऊ. केबल आणि इतर घटक मिळून विद्युत्-धारकता ७०० पिकोफॅरड असेल, तर या मंडळाचे अनुस्पंदन सुमारे ३,००० हर्ट्झला होते. तेथे आवाजाला एक उठाव येतो आणि त्यावरील भाग झपाट्याने उतरतो. तीच धारकता १५० पिकोफॅरडपर्यंत घटविली तर उठाव सुमारे ६,५०० हर्ट्झवर सरकतो. उलट टोनचा नॉब मिटवून ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर पूर्णपणे मंडळात आणला, तर तोच बिंदू सुमारे ३७० हर्ट्झपर्यंत खाली येतो. म्हणजे साध्या लांब केबलनेही वाद्याचा वर्ण बदलतो. वादकाला याचे गणित ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण बास गिटार म्हणून जो आवाज त्याच्या कानात बसला, तो या परस्परावलंबनातून घडलेला होता.

येथे एका शब्दाविषयी सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. ‘निष्क्रिय’ पिकअप हे काही निश्चेष्ट नव्हे. ते स्वतःच वीज निर्माण करते. बाहेरून वीज मागते ती ‘सक्रिय’ रचना. या संज्ञा विद्युत्-शास्त्राच्या परिभाषेतून आल्या आहेत आणि त्या शास्त्रापुरत्या योग्यही आहेत. परंतु इतिहासाच्या लेखनात त्या आल्या की एक बाजू मागासलेली आणि दुसरी पुढारलेली असा भास नकळत उत्पन्न होतो, आणि पुढील सारे विवेचन त्या भासाच्या आधारे चालू लागते.

३

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. तो वाद्यांच्या कारखान्यांतून निघालेला नाही, दूरध्वनी आणि ध्वनिमुद्रण यांच्या प्रयोगशाळांतून निघालेला आहे. बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक याला १९२७ मध्ये निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली. अँप्लिफायरच्या बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही भाग उलट करून पुन्हा त्याच्या मुखाशी आणून सोडावयाचा, म्हणजे ताकद काहीशी घटते पण विकृतीही घटते, असे तिचे सार सांगता येईल. या कल्पनेचा स्वरनियंत्रणासाठी उत्तम उपयोग केला तो इंग्लंडमधील पीटर बॅक्सँडॉल याने. ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकाच्या ऑक्टोबर १९५२ च्या अंकात त्याचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या मंडळात खर्ज आणि तार यांसाठी दोन स्वतंत्र नॉब असतात. दोन्ही मध्यावर ठेवले असता संदेश जसाच्या तसा जातो. मध्यापासून एका बाजूस फिरविले तर तो भाग वाढतो, दुसऱ्या बाजूस फिरविले तर घटतो. वजाबाकीबरोबर बेरीजही साधली, ती येथे.

प्रिसिजन बास १९५१ ची आणि बॅक्सँडॉलचा लेख १९५२ चा. दोघांमध्ये एका वर्षाचेही धड अंतर नाही. तरीसुद्धा या दोन कल्पना एका सर्वसामान्य विक्रीच्या बास गिटारीत एकत्र येण्यास १९७६ साल उजाडावे लागले. या विलंबाचा उलगडा कसा करावयाचा?

एक उत्तर तांत्रिक आहे. बॅक्सँडॉलचे मूळ मंडळ निर्वात नलिकेवर चालणारे होते. निर्वात नलिकेस उच्च दाबाची वीज लागते, ती तापते आणि जागा अडविते. ती गिटारीच्या पोकळीत बसविणे व्यवहार्य नव्हते. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात लागला होता खरा, पण तो स्वस्त आणि भरवशाचा होण्यास काळ जावा लागला. १९५० नंतरच्या दशकापुरते हे उत्तर पुरेसे आहे. त्यापुढे मात्र ते लागू पडत नाही. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने माएस्त्रो फझ-टोन हे ट्रान्झिस्टर आणि बॅटरी यांवर चालणारे, आवाज मुद्दाम विकृत करणारे उपकरण गिटारवादकांसाठी विक्रीस आणले. इंग्लंडमधील बर्न्स या कारखान्याने १९६३ च्या सुमारास टीआर-२ या गिटारीच्या अंगातच ट्रान्झिस्टरचे मंडळ बसविले. अर्थात साधने हाताशी होती. नव्हती ती गरज.

गरज नसण्याचे कारण असे की, स्वरनियंत्रणाचे काम वाद्याबाहेर होत होते. फेंडरने १९५२ मध्ये बास गिटारीसाठी ‘बासमन’ हा अँप्लिफायर काढला. त्या दशकाच्या अखेरीस त्याच्यावर खर्ज, मध्य आणि तार यांचे स्वतंत्र नॉब आले होते. वाद्यात वजाबाकी आणि अँप्लिफायरमध्ये बेरीज अशी ही श्रमविभागणी होती. वादक आणि अँप्लिफायर जोपर्यंत एकत्र होते, तोपर्यंत वाद्याच्या अंगात बेरजेची सोय असण्याची निकड कोणास भासली नाही.

४

ही विभागणी मोडली ती १९६० नंतरच्या दोन-तीन बदलांमुळे. पहिला बदल ध्वनिमुद्रणाचा. डेट्रॉइट येथील मोटाउनच्या स्टुडिओत बास गिटार अँप्लिफायरवाचून सरळ ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेस जोडली जाऊ लागली. जेम्स जेमर्सन याचे त्या काळातील बरेचसे वादन असे मुद्रित झाले आहे. अशा जोडणीत अँप्लिफायरचे नॉब वादकाच्या हातून जातात आणि स्वर घडविण्याचा अधिकार मुद्रण-तंत्रज्ञाकडे जातो.

तथापि केवळ या बदलाने सक्रिय नियंत्रण अटळ झाले, असे म्हणता येणार नाही. खुद्द जेमर्सन अखेरपर्यंत साध्या निष्क्रिय प्रिसिजन बासवर समाधानी होता, हेच त्यास प्रत्यंतर आहे. त्याच्या वाद्यावर सपाट वेष्टणाच्या तारा होत्या आणि त्या तारांतून वरचे उपस्वर मुळातच थोडे निघत. पिकअप आणि केबल यांनी जे गाळले असते, ते तेथे फारसे नव्हतेच.

म्हणून दुसरा बदल विचारात घ्यावा लागतो. रोटोसाउंड या इंग्रज कंपनीने ‘द हू’ या वाद्यवृंदाचा बासवादक जॉन एंटविसल याच्या सहकार्याने १९६६ मध्ये गोल वेष्टणाच्या बास तारा सिद्ध केल्या. या तारांचा नाद पियानोच्या खर्जासारखा खणखणीत असतो. त्याच सुमारास लॅरी ग्रॅहम याने अंगठ्याचा आघात करून आणि तार बोटाने उचलून सोडून वाजविण्याची शैली पुढे आणली. आता वाद्यातून विपुल उपस्वर निघू लागले, आणि नेमके तेच उपस्वर पिकअपपासून यंत्रणेपर्यंतच्या वाटेवर नष्ट होत आहेत, ही गोष्ट वादकाच्या कानास प्रथमच खुपू लागली. सक्रिय रचनेची गरज उत्पन्न झाली ती तारा, शैली आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींच्या संयोगातून. यंत्राच्या इतिहासाला वादनाच्या इतिहासापासून तोडून चालत नाही, ते यामुळेच.

५

गरज भासल्यावर तिला दोन भिन्न उत्तरे मिळाली. पहिले उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून आले. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाच्या वर्तुळात १९६९ मध्ये अलेंबिक ही संस्था उभी राहिली. विद्युत्-तज्ज्ञ रॉन विकरशॅम, वाद्यकार रिक टर्नर आणि ध्वनिमुद्रक बॉब मॅथ्यूज हे तिचे प्रमुख होते. त्यांनी फिल लेश आणि जॅक कॅसडी यांच्या गिल्ड बनावटीच्या बास गिटारी आतून बदलल्या आणि १९७२ मध्ये कॅसडीसाठी आपली पहिली स्वतंत्र बास तयार केली. त्यांची भूमिका मूलगामी होती. दोष पिकअपच्या उच्च संरोधात आहे, तेव्हा पिकअपच बदलले पाहिजे, असे ते मानीत. थोड्या वेढ्यांचे, अल्प संरोधाचे पिकअप घ्यावयाचे. त्याचा संदेश क्षीण असतो, म्हणून तो वाद्यातच वाढवावयाचा आणि मग फिल्टरने त्यास इष्ट वर्ण द्यावयाचा. गिब्सन कंपनीनेही १९६९ मध्ये लेस पॉल याच्या आग्रहावरून अल्प संरोधाची बास काढली होती. पुढे रॉब टर्नर याच्या ईएमजी या कंपनीने हे तत्त्व आणखी पुढे नेऊन प्रीअँप्लिफायर पिकअपच्या आवरणातच बंद केला.

दुसरे उत्तर फुलर्टनच्या परंपरेतून आले. फेंडरने आपली कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसला १ कोटी ३० लक्ष डॉलरांस विकली होती आणि काही वर्षे स्पर्धा न करण्याच्या कराराने तो बांधला गेला होता. ती मुदत संपल्यावर फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर या जुन्या सहकाऱ्यांच्या म्युझिक मॅन या कंपनीत तो प्रकटपणे सामील झाला. या कंपनीने १९७६ मध्ये स्टिंगरे बास बाजारात आणली. सर्वसामान्य विक्रीच्या बास गिटारींत सक्रिय स्वरनियंत्रण रुजविण्याचे श्रेय बव्हंशी या वाद्याकडे जाते.

स्टिंगरेची जोडणी बारकाईने पाहिली असता जे दिसते ते विचार करण्यासारखे आहे. तिचे पिकअप साधेच आहे : लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याचे वेढे. दोन वेटोळी समांतर जोडल्यामुळे संरोध काहीसा उतरला आहे, एवढाच विशेष. पिकअपच्या अंगात कोणताही ट्रान्झिस्टर नाही. तेथून संदेश सरळ एका लहानशा मंडळात जातो. त्या मंडळाच्या मध्यभागी एलएम ४२५० हा, बॅटरीतून अत्यल्प प्रवाह घेणारा एकसंध तुकडा आहे. खर्ज आणि तार यांचे दोन नॉब या मंडळाचे भाग आहेत. आवाजाचा नॉब त्यानंतर येतो. तारेचे कंपन जुन्या पद्धतीने टिपावयाचे आणि नव्या पद्धतीने घडवावयाचे, असा हा तडजोडीचा मार्ग होता. अलेंबिकने प्रश्न मुळापासून सोडविला. म्युझिक मॅनने तो पिकअपच्या पुढे एक पायरी सोडविला. शिक नावाच्या वृंदाच्या १९७९ च्या ‘गुड टाइम्स’ या मुद्रिकेत बर्नार्ड एडवर्ड्‌सने वाजविलेली बास याच जातीची होती, आणि त्या वादनाचा पुढील नृत्यसंगीतावर झालेला परिणाम सर्वश्रुत आहे.

६

ही तडजोड किती जीवनक्षम होती, हे पुढील दशकात न्यूयॉर्कमध्ये दिसून आले. तेथील वाद्यकार रॉजर सॅडाउस्की याने १९७९ मध्ये आपली कर्मशाळा थाटली. ध्वनिमुद्रणाचे काम करणारे वादक त्याच्याकडे आपल्या जुन्या फेंडर घेऊन येत. या वादकांना आपले वाद्य बदलावयाचे नव्हते, कारण त्याचा आवाज म्हणजेच त्यांची ओळख होती. त्यांना हवी होती ती फक्त त्या आवाजाच्या खर्जात आणि तारेत थोडी बेरीज. मार्कस मिलर याची १९७७ ची जॅझ बास हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. सॅडाउस्कीने तिच्यात स्टार्स गिटार्स या नावाचा प्रीअँप्लिफायर बसविला. पिकअप निष्क्रियच राहिले.

जुन्या वाद्यात नवे मंडळ बसविताना घटकांच्या क्रमाचा प्रश्न तीव्रतेने उभा राहतो, कारण येथे दोन कालखंडांचे घटक एकाच पोकळीत नांदावयाचे असतात. निष्क्रिय पिकअपला २,५०,००० ओहमचा फिरता रोध मानवतो. सक्रिय मंडळाच्या मागे, म्हणजे त्यातून संदेश बाहेर पडल्यावर, २५,००० ओहमचा रोध वापरण्याची रीत आहे. एखाद्याने अनवधानाने हा २५,००० ओहमचा रोध पिकअप आणि मंडळ यांच्या मध्ये बसविला तर काय होईल? वर घेतलेल्या ४ हेन्रीच्या पिकअपच्या वेढ्यांचा रोध ८,००० ओहम धरला, तर सुमारे १,३०० हर्ट्झपासूनच उपस्वर उतरू लागतात. २,५०,००० ओहमचा रोध असता हीच मर्यादा, केबलचा परिणाम वगळल्यास, सुमारे १०,००० हर्ट्झवर असते. मंडळ उत्तम, पिकअप उत्तम, आणि तरीही आवाज बोथट, असा चमत्कारिक प्रकार यातून घडतो. म्हणून पिकअप, २,५०,००० ओहमचे आवाजाचे नॉब आणि त्यानंतर सुमारे १० लक्ष ओहमचा संरोध दाखविणारे मंडळाचे मुख, हा क्रम जुन्या वाद्यांच्या रूपांतरात स्थिर झाला.

निष्क्रिय टोनचा नॉबही कित्येक वाद्यांत ठेवला जातो, आणि त्याचे स्थानही अर्थपूर्ण आहे. तो मंडळाच्या आधी जोडला तरच त्याचा कंडेन्सर पिकअपच्या प्रवर्तकतेशी संयोग पावून तो परिचित, गोल, मंद स्वर देतो. तोच कंडेन्सर मंडळाच्या नंतर जोडला तर समोर पिकअपऐवजी अल्प संरोधाचा स्रोत असतो, आणि घटक तोच असूनही परिणाम निराळा होतो. मंडळाचा आणखी एक उपकार असा की, त्याच्या मध्यस्थीमुळे केबलची धारकता पिकअपपर्यंत पोहोचत नाही. पूर्वी केबल ही वाद्याच्या स्वराची मूक भागीदार होती. आता ती केवळ वाहक झाली.

बॅटरीची जोडणीही पाहण्यासारखी आहे. वाद्यावर स्वतंत्र स्विच दिसत नाही. ते काम केबलच्या जॅककडून करून घेतलेले असते. जॅक तीन संपर्कांचा घेतात. त्यातील मधल्या संपर्कास बॅटरीचे ऋण टोक जोडतात. दोन संपर्कांची साधी केबल आत सरकविली की तिची लांब धातूची नळी मधल्या संपर्कास आणि जमिनीच्या संपर्कास एकत्र जोडते, आणि मंडळ पुरे होते. केबल काढली की वीज बंद. वादनानंतर केबल वाद्यातच राहिली तर सकाळपर्यंत बॅटरी कमी होत राहते, हे मात्र वादकाने स्वतःच लक्षात ठेवावयाचे असते. वाद्याच्या निगेत तारा पुसणे आणि स्वर जुळविणे यांच्या जोडीला हा एक नवा नियम आला.

७

यावर असा आक्षेप येणे शक्य आहे की, मिश्र रचना ही केवळ संक्रमणावस्था होती. खरी परिणती पूर्ण सक्रिय पिकअपमध्येच होय. हा आक्षेप तपासून पाहिला पाहिजे. तो खरा असता तर अल्प संरोधाच्या पिकअपांनी हळूहळू सर्व क्षेत्र व्यापले असते. वस्तुस्थिती तशी नाही. अलेंबिक आणि ईएमजी यांचे कार्य मोलाचे आहे आणि त्यांचा चाहतावर्गही मोठा आहे. पण त्यांच्यानंतर अर्धशतक उलटूनही निष्क्रिय पिकअप आणि सक्रिय नियंत्रण यांची जोडी सर्वत्र निर्माण होत आहे. इतकेच नव्हे, तर अशा अनेक वाद्यांवर सक्रिय मंडळ पूर्णपणे वगळून संदेश सरळ बाहेर नेणारा एक लहान स्विच असतो. बॅटरी संपली तर वादन थांबू नये, हा त्याचा व्यावहारिक उपयोग आहेच. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्या स्विचला आणखी एक अर्थ आहे. नव्याने जुन्यास बाजूस सारले असते, तर जुन्याकडे परत जाण्याची वाट वाद्याच्या अंगावरच कायम ठेवण्याचे प्रयोजन उरले नसते.

जुने पिकअप टिकले याचे कारण त्याच्या दोषांतच शोधले पाहिजे. ३,००० हर्ट्झजवळचा तो उठाव आणि त्यावरील उतार हा मापनशास्त्राच्या दृष्टीने दोष होय. परंतु दोन दशके त्याच दोषातून बास गिटारीचे संगीत ऐकू आल्यामुळे श्रोत्यांचा आणि वादकांचा कान त्यावर घडला होता. आपल्याकडील तंबोऱ्याची जवारी आठवावी. घोडीच्या पृष्ठभागाशी होणारा तारेचा घासता स्पर्श हा शुद्ध यांत्रिक दृष्टीने व्यत्यय ठरेल. पण तो काढून टाकला तर तंबोरा तंबोरा राहणार नाही. फरक इतकाच की, जवारी कारागिराने जाणीवपूर्वक काढलेली असते, आणि पिकअपचा उठाव प्रथम योगायोगाने आला व मागाहून त्यास अभिरुचीची मान्यता मिळाली. मिश्र रचनेचे यश असे की, तिने हा मान्य झालेला दोष जपला आणि केबलमुळे येणारा अनिष्ट दोष तेवढा दूर केला. काय जपावे आणि काय टाकावे याचा निवाडा ज्या ठिकाणी झाला, ते ठिकाण म्हणजे पिकअप आणि मंडळ यांच्यामधील ते डाखाचे दोन ठिपके होत.

८

प्रस्तुत विवेचनातून निघणारे निष्कर्ष असे मांडता येतील. बास गिटारीच्या स्वरनियंत्रणाचा इतिहास निष्क्रियाकडून सक्रियाकडे अशा सरळ रेषेत गेलेला नाही. त्यात एक थर दुसऱ्या थरावर बसला आहे. १९५२ नंतरचा विलंब काही काळ साधनांच्या अभावामुळे झाला, पण १९६२ नंतर तो गरजेच्या अभावामुळे झाला. आणि ती गरज तारा, वादनशैली व ध्वनिमुद्रण यांच्या एकत्रित बदलातून निर्माण झाली. श्रेय द्यावयाचे तर ते एकट्या फेंडरला किंवा एकट्या अलेंबिकला देता येत नाही. ज्याने बास गिटार कधी बनविली नाही त्या बॅक्सँडॉलला, आणि ज्यांनी आपली जुनी वाद्ये टाकून देण्यास नकार दिला त्या वादकांनाही त्यात वाटा आहे.

शेवटी पद्धतीविषयी एक विनंती. वर ज्यास आपण पुरावा म्हटले तो अत्यंत नाशवंत आहे. वाद्य दुरुस्तीस गेले की जुना कंडेन्सर केराच्या टोपलीत जातो, फिरता रोध बदलला जातो, डाख नवा होतो, आणि वाद्य पूर्वीपेक्षा उत्तम वाजू लागते. वादकाच्या दृष्टीने यात काहीच बिघडले नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र दस्तऐवजाचे एक पान फाटले. १९६० नंतर मुंबईच्या चित्रपटसंगीतातही बास गिटार रुळली आणि ती वाजविणाऱ्यांत गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा होता. त्या काळातील जी वाद्ये त्यांच्या कुटुंबीयांकडे आजही असतील, त्यांच्या पोकळ्यांत काय जोडले आहे, कोणत्या क्रमाने जोडले आहे, मूळचे काय आणि मागाहून कोणी बदललेले काय, याची नोंद कोणत्याही दुरुस्तीपूर्वी करून ठेवणे अगत्याचे आहे. त्यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. एक पेचकस, एक कागद आणि जोडणीचा क्रम जसा दिसला तसा उतरवून घेण्याची शिस्त, एवढे पुरेसे आहे. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम अंगावर घेतले, तर या निबंधातील अनुमाने आपल्या भूमीवर पारखून पाहता येतील. आणि ती चुकीची ठरली तरी त्या नोंदी वाया जाणार नाहीत.